नायनाटवाल्यांचा रिव्ह्यू: काम झकास, पत्रक थापाडं

घरातल्या वाळवीसाठी पेस्ट कंट्रोलवाले बोलावले होते, त्यांचा हा रिव्ह्यू. पहिलं रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी चार. काम करणाऱ्या पोराला पाच द्यायला हरकत नाही, पण पत्रक वाचलं की एक स्टार उतरतो, आणि वॉरंटी कार्ड वाचलं की अजून एक उतरायला पाहिजे, तो मी त्या पोराकडं बघून सोडून दिलाय.

आमच्या गल्लीत त्यांना सगळे नायनाटवालेच म्हणतात, कारण बोर्डावर दुकानाचं नाव बारीक अक्षरात आणि "समूळ नायनाट" हे लाल भडक, लांबून दिसेल असं. खरं नाव इथं लिहीत नाही, पुढं वॉरंटीवर बोलणार आहे आणि उगीच कुणाशी वाद नको. पत्रकात काय लिहिलंय ते मात्र जसंच्या तसं देतो: "वाळवी, झुरळ, ढेकूण, उंदीर, मुंग्या यांचा समूळ नायनाट! संपूर्ण उच्चाटन! 100 टक्के खात्मा! कायमचा बंदोबस्त!" एवढंच. फोन नंबर खाली. निःपात, बिमोड आणि निर्दालन तेवढं राहिलंय, ते बहुतेक पुढच्या छपाईत येईल.

आता आमचं घर. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून लांब नाही, पुढं सोपा, मधे माजघर, वर कडीपाट, मागं परडं आणि परड्यात जुना आड. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतंय. 2019 ला पाणी घरात आलं, 2021 ला परत आलं, आणि तेव्हापासून खालच्या भिंती आतून कधी वाळल्याच नाहीत. वरून रंग मारला, पुट्टी मारली, पण ओल ती ओलच, आणि ओल म्हटल्यावर वाळवीला आवतण द्यायला लागत नाही. जमिनीतली वाळवी उघड्या हवेत टिकत नाही, अंग मऊ असतंय तिचं, सुकून मरते, म्हणून ती मातीच्या नळ्या बांधत बांधत आतनंच चालते. तुम्हाला भिंतीवर जी मातीची रेघ दिसते ती तिची वाट असते, आणि ती दिसेपर्यंत आतलं जेवण बरंचसं उरकलेलं असतंय.

आमच्यात काय काय गेलं ते सांगतो म्हणजे कुणाला अंदाज येईल. माजघराच्या दाराची चौकट वरनं एकदम चकचकीत, बोटानं वाजवली तर पोकळ. आंब्याच्या फळ्यांचं मांडणीचं कपाट, त्याचा फडशा. नवीन वॉर्डरोबची मागची प्लाय, स्वस्तातली, तिचा भुगा. माडीवरच्या पेटीतले दिवाळी अंक, कव्हरं शाबूत आणि आतली पानं खाऊन त्या जागी माती भरलेली. सागवानी तुळया मात्र बऱ्यापैकी वाचल्या. सागाचा गाभा तिला जड जातो, पण कडेचा पांढरट भाग असतो तो सोडत नाही. म्हणून "आमच्यात सगळं सागवान आहे, आम्हाला भीती नाही" असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडा टोचून बघाव्यात.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं कोल्हापूर रडलं, पेपरात "जळून खाक" आलं आणि ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, तरी दगडी भिंती उभ्या राहिल्या होत्या. वाळवीचं उलटं असतंय, सगळं उभं दिसतं आणि आत काही नसतं. त्यामुळं माणूस चार वर्षं गाफील राहतो.

एका दुसऱ्याला पहिल्यांदा फोन केला होता (नाव नको), त्यानं घर न बघताच फोनवर सांगितलं, एका फवाऱ्यात सगळं साफ, वासही नाही, दोन तासात घरी परत या. वाळवीसाठी नुसता फवारा म्हटलं की फोन ठेवायचा. भिंतीवर दिसत्या त्या मरतात, बाकीच्या वाट बदलतात आणि दुसऱ्या खोलीत निघतात. त्याच कारणानं बघायला माणूस यायच्या आधी झुरळं मारायचा स्प्रे किंवा रॉकेल मारून ठेवू नका, त्याला मूळ वाट सापडत नाही. शेजारच्या काकांनी चुना-मोरचूद लावायला सांगितलं होतं. जुन्या माणसांचा उपाय आहे, पण जमिनीखालून येणाऱ्या माणसाला तुम्ही दाराला कुलूप लावून काय उपयोग.

मग नायनाटवाले. आधी मालक आले, हातात पत्रकांचा गठ्ठा, सोप्यात बसून चहा घेतला आणि सगळं पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. स्क्वेअर फुटाला 9 रुपये म्हणाले, 7 वर तुटलं, जीएसटीचा विषय दोघांनीही काढला नाही. लायसन्स दाखवा म्हटलं तर थोडं वाकडं तोंड केलं पण मोबाईलवर दाखवलं. हे प्रत्येकानं मागावं, इन्सेक्टिसाइड्स ॲक्ट 1968 चा कायदा आहे, पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला लायसन्स लागतंच, यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी काम करणारा पोरगा आला, आणि इथून पुढं माझं मत बदललं. टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन अख्खं घर ठोकत फिरला, मातीच्या नळ्या दिसल्या तिथं प्रत्येकीचा बोटभर तुकडा मोडला आणि म्हणाला, "दादा, ह्या अशाच राहू द्या, मी परवा येतो. परत बांधली असली तर चालू हाय, नसली तर जुनी हाय, तिच्यासाठी पैसे कशाला घालवतायसा." धंदा करणारा माणूस असं बोलतो तेव्हा मी जरा सावरून बसतो. परवा आला तेव्हा काही परत बांधलेल्या, काही तशाच. माडीवरची एक अख्खी लाईन त्यानं कामातनं वगळली.

मी पत्रक पुढं केलं, म्हटलं हे समूळ नायनाटाचं काय. तो हसला. "मालकांचं छापील हाय ते. नायनाट बियनाट काय नसतंय दादा. राणी कुठं हाय कुणाला ठाऊक, तुमच्या माजघराखाली असंल, शेजाऱ्याच्या परड्यात असंल, नाहीतर रस्त्याखाली. आपण भिंतीच्या बुडाला औषधाचा पट्टा मारतोय, त्यातनं आली तर मरतीया आणि जाताना चार जणींना लावून जातीया. पट्टा आहे तोवर घर तुमचं."

मला हे वाक्य नऊ रुपयाच्या रेटमध्ये मिळालं असतं तरी स्वस्त होतं.

कामाची पद्धत लिहितो, कारण नंतर तुम्हाला कुणी फसवू नये. भिंत आणि फरशी जिथं मिळते तिथं आतनं साधारण फूटभर अंतरानं ड्रिलनं भोकं, बारा मिलीमीटरचं बिट. प्रत्येक भोकात औषध पिचकारीनं सोडायचं, जोवर जमीन पितीय तोवर, भोकाला लिटरच्या आसपास. जुन्या पेठेतल्या जमिनी पोकळ असतात, आमच्यात काही भोकं एवढी प्यायली की पोरगं म्हणालं खाली घूस असणार. चौकटीला बारीक तिरकी भोकं पाडून तेलातलं औषध सोडलं. शेवटी भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली, रंग जुळवून नाही, ते तुमचं तुम्ही बघा. टाइल्स फुटल्या नाहीत, फक्त एका ठिकाणी टवका उडाला आणि तो त्यानं स्वतः दाखवला.

औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्केवालं, पाच लिटर पाण्याला साडेदहा मिली, माझ्यासमोर सीलबंद बाटली फोडून मापानं घातलं. यावर मी उगीच जोर देत नाही, या धंद्यात खरी चोरी पाण्यात होते. बाटली तीच दाखवतात आणि औषध निम्मं घालतात, तुम्ही काय जीभ लावून बघणार आहात का. या औषधाला वास जवळजवळ नसतो आणि वाळवीला ते आहे हे कळत नाही, ती त्यातनं बिनधास्त चालत जाते आणि हळूहळू मरते, तोवर अंगाला अंग लागून बाकीच्यांना देते. क्लोरपायरिफॉस मारणारेही आहेत अजून, त्याचा वास डोकं उठवतो, आणि गंमत म्हणजे आमच्या आत्याला वास आला नाही म्हणून काम झालंच नाही असं वाटत होतं.

परड्यातल्या आडाजवळ मात्र त्यानं एकही भोक पाडलं नाही. मी म्हटलं तिकडनंच जास्त ओल आहे, तिकडं मारा की. "आडाचं पाणी वापरतायसा का न्हाई ते नंतर, पण औषध झिरपून पाण्यात गेलं तर कुणाच्या आडात निघंल सांगता येत न्हाई. तिथली चौकट तेवढी करतो, जमिनीत न्हाई सोडणार." मालक असते तर मारलं असतं असं मला वाटतं. माशांची टाकी पण त्यानं झाकायला लावली, मांजराला दिवसभर शेजारी पाठवलं.

आईचा मधेच वेगळाच मुद्दा होता. नागपंचमीला वारुळाला पुजायचं आणि इकडं औषध घालायचं, हे तिला पटत नव्हतं. वर तिनं पोराला विचारलं की सगळी वाळवी मेली तर पावसाळ्यात गगनबावड्याकडनं वारुळावरची अळंबी येती ती कुठनं येणार. प्रश्न चुकीचा नाही हो. काही जातीची वाळवी वारुळात बुरशीची शेती करते आणि त्यातनंच ती अळंबी वर येते, वाळवी नाही तर ती अळंबी नाही. पोरगं म्हणालं, "काकू, मी फक्त तुमच्या घरातली बघतोय, बावड्याची न्हाई." आई गप.

आता त्या पत्रकावर येतो, कारण माझा खरा राग तिथं आहे. एकाच ओळीत पाच प्राणी आणि पाचही जणांना एकच शब्द. ढेकणाचा नायनाट म्हणा, मी मान्य करतो, ढेकूण तुमच्या गादीत, पलंगाच्या सांध्यात राहतो, उडत नाही, सगळं घर नीट केलं आणि पंधरवड्यानं अंड्यातनं निघालेल्यांसाठी परत केलं तर खरंच संपतो, परत कुणाच्या बॅगेतनं येईपर्यंत. झुरळांचा बंदोबस्त होतो, जेलचे ठिपके चांगले चालतात, पण ड्रेनेज सगळ्या गल्लीचं एक आहे. मुंग्यांना तुम्ही हुसकावू शकता, तेवढंच. आणि वाळवी रोखायची असते. हे चार वेगवेगळे व्यवहार आहेत आणि त्यांच्या किमती वेगळ्या, टिकाव वेगळा. सगळ्यावर "समूळ नायनाट" छापलं की गिऱ्हाईक एकदाच पैसे देतो, निवांत होतो, आणि पुढं पाच वर्षं भिंतीकडं बघत नाही. नुकसान तिथं होतं.

नायनाट हा लई वजनाचा शब्द आहे. माणसाच्या रोगांत आजवर तो एकट्या देवीचा झालाय, 1980 ला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. जनावरांत बुळकांडीचा, तो 2011 ला. बास, यादी संपली. पोलिओ आपल्या देशातनं गेला, 2014 ला सर्टिफिकेट मिळालं, पण जगात अजून आहे म्हणून आपण अजून बाळांना डोस पाजतोय. म्हणजे देशादेशांची सरकारं, लाखो माणसं आणि कितीतरी दशकं लावून दोन जमले, आणि आमचे नायनाटवाले सात रुपये स्क्वेअर फुटात पाच करणार.

हिवतापाचं उदाहरण तर जुन्या माणसांना आठवत असेल. 1953 ला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा नावात नियंत्रण होतं, डीडीटीनं रुग्ण भराभर कमी झाले म्हणून 1958 ला नाव बदलून निर्मूलन केलं, 1965 च्या सुमाराला देशात लाखभर रुग्ण उरले, सगळे खुश. मग ढिलाई आली, डास औषधाला सरावले, आणि 1976 ला आकडा 64 लाखांच्या वर गेला. नंतर कार्यक्रमाच्या नावातलं निर्मूलन काढून परत नियंत्रण आलं. आमच्या जुन्या दाराच्या मागं फवारणीवाल्यांनी तारखा लिहिलेल्या होत्या, चौकटीबरोबर त्या पण वाळवीनं खाल्ल्या.

आमचे कागलकडचे पाहुणे आलेले तेव्हा हाच विषय निघाला, ऊसवाले आहेत, त्यांना हे पटकन कळलं. हुमणीचं, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचं, असंच असतंय म्हणाले. दुकानातनं डबे आणायचे, डब्यावर नायनाट, आणि पुढच्या वर्षी परत उसाच्या बुडाला अळी. पहिला वळीव पडला की तिचे भुंगेरे रात्री कडुलिंबावर, बाभळीवर बसतात, तेव्हा अख्ख्या शिवारानं मिळून फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर फरक पडतो, एकट्यानं आपल्याच रानात केलं तर शेजारचे येतातच. "डब्याव काय बी लिहित्यात," पाहुण्यांचं एवढंच म्हणणं.

वॉरंटी. मालकांनी मोठ्या थाटात पाच वर्षांचं कार्ड दिलं, गुळगुळीत कागद, सोनेरी बॉर्डर. मागं बारीक अक्षरात: पूर, पाण्याची गळती, नवीन बांधकाम किंवा फरशी बदल झाल्यास वॉरंटी रद्द. शुक्रवार पेठेत. पुरानं वॉरंटी रद्द! कोकणातल्या माणसाला छत्री देऊन पाऊस पडल्यास परत मिळणार नाही म्हणण्यातला प्रकार आहे हा. मी मालकांना फोन केला तर म्हणाले कंपनीचं फॉरमॅट आहे. कसली कंपनी, खाली सही त्यांचीच. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं चूक नाही, पाणी शिरून माती वाहिली, भरणी झाली की औषधाचा पट्टा तुटतो हे खरं आहे, पण मग पाच वर्षं कशाला छापता, "पाणी आलं तर परत करायला लागंल, निम्मा रेट लावू" असं सरळ लिहा. लोक घेतील. नदीकाठच्या लोकांना खरं ऐकायची सवय आहे.

रिझल्ट: माजघर आणि सोपा एकदम स्वच्छ, मोडलेल्या नळ्या परत बांधल्या नाहीत. परड्याच्या दाराला, म्हणजे आडामुळं जमिनीत औषध घातलं नाही त्याच बाजूला, पावसाळ्यानंतर एक नवी रेघ आली. पोराला डायरेक्ट फोन केला, आला, चौकटीत परत औषध सोडलं आणि दाराच्या बुडाला लाकडाऐवजी दगडी पट्टी बसवून घ्या म्हणाला, पैसे घेतले नाहीत. ती बाजू तशीच राहणार हे त्यानं आधीच सांगितलेलं, त्यामुळं मला राग आला नाही. पत्रकावर विश्वास ठेवून बसलो असतो तर आला असता.

कुणी बोलावणार असेल तर मालकांशी फक्त पैशाचं बोला आणि बघायला तोच पोरगा पाठवा म्हणून अडून बसा, बुटका आहे, गळ्यात टॉर्च असतो, लगेच ओळखाल. बाटली समोर फोडायला लावा. घरात आड, बोअर, टाकी काय असेल ते आधी सांगा. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याकडं रांग असते, उडत्या वाळव्या दिव्यावर आल्या की लोक जागे होतात, त्यामुळं दिवाळीनंतर करा, रेट पण तुटतो आणि भिंती त्यातल्या त्यात कोरड्या असतात. वर्षातनं एकदा ठोकून बघायला पोरगा दोनशे घेतो, ते मात्र जरूर द्या, अख्ख्या पॅकेजपेक्षा त्याचाच उपयोग जास्त आहे.

उंदरांसाठी यांना बोलवू नका. गल्लीतल्या एकानं बोलावलं होतं, गोंद लावलेले पुठ्ठे ठेवून गेले आणि त्याला मालकांचीच चप्पल चिकटली.